‘द एनिमी’: दोन शत्रू, एक व्हायझर आणि न्यूट्रिनोचा सिग्नल

‘द एनिमी’ हा ‘स्टार ट्रेक: द नेक्स्ट जनरेशन’ या अमेरिकन मालिकेच्या तिसऱ्या सीझनमधला सातवा एपिसोड. नोव्हेंबर १९८९ मध्ये तो पहिल्यांदा टीव्हीवर आला. दिग्दर्शन डेव्हिड कार्सनचं, लेखन डेव्हिड केंपर आणि मायकल पिलर यांचं. एकमेकांचे शत्रू एका जागी अडकतात आणि जगायचं असेल तर एकत्र काम करावं लागतं, ही गोष्ट सायन्स फिक्शनमध्ये पुष्कळदा आली आहे. पण मला हा एपिसोड वेगळा वाटतो. इथे दोघांमधलं सहकार्य भाषणांनी होत नाही, दोन अर्धवट चालणारी उपकरणं एकमेकांना जोडून होतं. म्हणून आज त्यातल्या टेक्नॉलॉजीबद्दल बोलू. (एपिसोड बघायचा बाकी असेल तर सांगून ठेवतो, पुढे शेवटासकट सगळी गोष्ट येणार आहे.)

आधी गोष्ट थोडक्यात. माणसांचं फेडरेशन आणि रोम्युलन साम्राज्य यांच्यात जुनं वैर आहे. मध्ये ‘न्यूट्रल झोन’ नावाचा पट्टा आहे आणि तो ओलांडणं म्हणजे युद्धाला आमंत्रण. फेडरेशनच्या हद्दीतल्या गॅलोर्नडन कोअर या ग्रहावरून मदतीचा सिग्नल येतो. एंटरप्राइज हे जहाज तिथे जातं. ग्रहावर सतत विद्युतचुंबकीय वादळं चालू असतात, त्यामुळे ना सेन्सर नीट चालत, ना माणसांना वर खेचून घेणारा ट्रान्सपोर्टर. वादळ जरा उघडलं की तेवढ्या वेळात जाऊन यायचं. खाली उतरलेल्या तुकडीला एका रोम्युलन यानाचे अवशेष आणि एक जखमी रोम्युलन सापडतो. परत येताना मुख्य इंजिनिअर जॉर्डी ला फोर्ज खड्ड्यात पडतो आणि खालीच राहतो. तिथे त्याची गाठ पडते दुसऱ्या रोम्युलनशी, बोक्राशी. बोक्रा त्याला सरळ कैदी बनवतो.

व्हायझर म्हणजे नक्की काय?

जॉर्डी जन्मापासून अंध आहे. त्याच्या डोळ्यांवर जी सोनेरी पट्टी दिसते, ती व्हायझर. ती दोन्ही कानशिलांपाशी बसवलेल्या इम्प्लांटना जोडली जाते आणि सिग्नल थेट मेंदूकडे जातो. आपल्याला दिसतो त्यापेक्षा कितीतरी मोठा स्पेक्ट्रम तिला पकडता येतो. गंमत म्हणजे ज्या पट्टीमुळे जॉर्डीला सगळं दिसतं, त्याच पट्टीमुळे ती भूमिका करणाऱ्या लेव्हार बर्टनला सेटवर धड काही दिसत नसे.

असलं काही प्रत्यक्षात झालंय का? काही प्रमाणात, हो. ‘आर्गस २’ नावाच्या रेटिना इम्प्लांटला अमेरिकेत २०१३ मध्ये परवानगी मिळाली. चष्म्यावर कॅमेरा, कमरेला एक छोटा प्रोसेसर आणि डोळ्याच्या आत पडद्यावर ६० इलेक्ट्रोड. ६० म्हणजे ६० ठिपके! तुमच्या फोनचा कॅमेरा कोट्यवधी ठिपके टिपतो, त्याच्याशी तुलनाच नको. तरी काही लोकांना त्यातून दाराची चौकट, उजेड-अंधार, समोरून कुणी चाललंय एवढं कळू लागलं. पुढे कंपनीने हे उत्पादन बंद केलं आणि ज्यांच्या डोळ्यांत ते बसवलं होतं त्यांना दुरुस्ती, सुटे भाग मिळणं अवघड झालं. फोनचा अपडेट बंद झाला तर आपण नवा फोन घेतो. डोळ्याचा सपोर्ट बंद झाला तर काय करायचं?

एपिसोडमध्ये जॉर्डीवर नेमकी हीच वेळ येते. ग्रहावरच्या चुंबकीय क्षेत्राचा परिणाम मज्जातंतूंवर होऊ लागतो. आधी बोक्राच्या पायातली ताकद जायला लागते. मग जॉर्डीला दिसेनासं होतं.

आणि या सगळ्याच्या मध्येच बोक्रा त्याला विचारतो, तू जन्मतः आंधळा होतास, तर तुझ्या आईबापांनी तुला जगू कसं दिलं? त्याच्या समाजात असल्या मुलांवर वेळ आणि साधनं ‘वाया’ घालवत नाहीत. बोक्रा हे चिडून किंवा हिणवायला म्हणत नाही, त्याला खरंच प्रश्न पडलाय. म्हणूनच ते ऐकताना अंगावर काटा येतो. मालिकेच्या निर्मात्यांनी जॉर्डीचं नावसुद्धा एका अपंग चाहत्याच्या आठवणीत ठेवलं होतं, हे माहीत असेल तर हा प्रसंग अजूनच लागतो.

न्यूट्रिनोच का?

आता वर जहाजावर काय चाललंय ते बघू. रेडिओ चालत नाही, सेन्सर चालत नाहीत. वेस्ली नावाचा पोरगा युक्ती काढतो: ग्रहावर न्यूट्रिनो सोडणारा एक बीकन पाठवायचा. जॉर्डीच्या व्हायझरला तो झोत दिसेल आणि तो त्याच्या दिशेने चालत येईल. बीकनपाशी पोचला की वर उचलायचं.

कल्पना मुळात बरोबर आहे. रेडिओ, वायफाय, ब्लूटूथ, मोबाइलचा सिग्नल या सगळ्या विद्युतचुंबकीय लहरी. विद्युतचुंबकीय वादळात त्यांचे हाल होणारच. न्यूट्रिनोला विद्युतभारच नाही, त्यामुळे वादळ त्याला अडवू शकत नाही. वादळच काय, अख्खी पृथ्वीसुद्धा नाही. सूर्याकडून येणारे सुमारे ६५ अब्ज न्यूट्रिनो दर सेकंदाला तुमच्या अंगठ्याच्या नखाएवढ्या जागेतून आरपार जातायत, आत्ता हे वाचताना पण.

पण गोम इथेच आहे. जो कशालाच अडत नाही, तो तुमच्या सेन्सरला तरी का अडेल? न्यूट्रिनो पहिल्यांदा पकडला गेला तो १९५६ मध्ये. १९८७ साली, म्हणजे हा एपिसोड येण्याच्या दोनच वर्षं आधी, एका ताऱ्याचा स्फोट पृथ्वीवरून दिसला. त्याचे अगणित न्यूट्रिनो पृथ्वीतून गेले आणि जगभरातल्या यंत्रांना सापडले जेमतेम दोन डझन. जपानमधल्या सुपर-कामिओकांडे या यंत्रात ५०,००० टन पाणी भरलेलं असतं, तेही डोंगराखाली, फक्त हे कण पकडायला. आपल्याकडची गोष्ट सांगायची तर १९६५ मध्ये मुंबईच्या टीआयएफआरच्या शास्त्रज्ञांनी जपानी आणि ब्रिटिश सहकाऱ्यांबरोबर कोलारच्या सोन्याच्या खाणीत, दोन किलोमीटरपेक्षा जास्त खोलीवर, वातावरणात तयार झालेल्या न्यूट्रिनोंच्या खुणा टिपल्या. असं करणाऱ्या जगातल्या पहिल्या दोन प्रयोगांपैकी तो एक.

म्हणजे डोळ्यावरच्या पट्टीत न्यूट्रिनो सेन्सर बसवणं ही शुद्ध कल्पनाच. न्यूट्रिनोने मेसेज पाठवणं मात्र नाही. २०१२ मध्ये अमेरिकेतल्या फर्मिलॅबमध्ये हे करून दाखवलं गेलं. अंतर साधारण १ किलोमीटर, त्यात २४० मीटर जमीन आणि खडक. पाठवलेला शब्द होता ‘न्यूट्रिनो’. स्पीड होता सेकंदाला ०.१ बिट. या हिशोबाने तुमच्या चॅटमधला ‘नमस्कार’ (देवनागरीत तो १६८ बिट होतो) पोचायला २८ मिनिटं लागतील. डेटा पॅकवाले खूश होतील!

शत्रूने सुचवलेला जुगाड

आता एपिसोडमधला माझा सगळ्यात आवडता भाग. जॉर्डीला दिसत नाही, म्हणजे बीकनचा झोतही दिसत नाही. त्याच्याकडे ट्रायकॉर्डर आहे (हातात मावणारं, सगळं मोजणारं यंत्र), पण ते न्यूट्रिनो पकडत नाही. बोक्रा विचारतो, मग ही दोन्ही एकमेकांना जोडता नाही का येणार? जॉर्डी आधी म्हणतो की ती तशी बनवलेलीच नाहीत. आणि मग थांबतो, विचार करतो.

बिघडलं काय होतं ते बघा. व्हायझरचा सेन्सर अजून ठीक आहे. तुटलाय तो सेन्सर ते मेंदू हा रस्ता. ट्रायकॉर्डरकडे प्रोसेसर आहे, स्क्रीन आहे, फक्त तो सेन्सर नाही. फोनचा डिस्प्ले फुटला की आपण ओटीजी केबलने माउस लावतो आणि जमलं तर टीव्हीवर स्क्रीन काढून आतले फोटो वाचवतो, हा तसलाच प्रकार. एकाचा सेन्सर, दुसऱ्याची स्क्रीन.

पण जोडणी करणार कोण? ज्याला वायरिंग कळतं त्याला दिसत नाही, आणि ज्याला दिसतं त्याला त्यातलं काही कळत नाही. मग जॉर्डीचे हात आणि बोक्राचे डोळे. पुढे बीकनपर्यंत जायचं तर चालू शकणारा अंध आणि बघू शकणारा पांगळा. सांख्य तत्त्वज्ञानातला ‘अंध-पंगु न्याय’ तुम्ही ऐकला असेल, वाट दाखवणारा पांगळा आणि चालणारा आंधळा. ‘स्टार ट्रेक’च्या लेखकांना तो माहीत असण्याची गरज नाही, पण मला तरी तो आठवल्याशिवाय राहत नाही.

वर जहाजावर मात्र उलटं

वर आणलेल्या जखमी रोम्युलनला वाचवायला जुळणारे रायबोसोम लागतात आणि सगळ्या जहाजावर ते फक्त वर्फ या क्लिंगॉन अधिकाऱ्याकडे आहेत. वर्फचे आईवडील रोम्युलनांच्या हल्ल्यात मेलेले. तो नकार देतो. कॅप्टन पिकार्ड विनवतो, पण हुकूम देत नाही. आणि तो जखमी रोम्युलन स्वतःच म्हणतो की क्लिंगॉनचं रक्त अंगात घेण्यापेक्षा मेलेलं बरं. तो मरतो. खाली न जुळणारी दोन यंत्रं जोडली जातात आणि वर एकमेव जुळणारी गोष्ट वापरलीच जात नाही. मालिकेच्या नायकांपैकी एकाला इतकं कठोर दाखवून तसंच सोडून देणं, हे त्या काळच्या टीव्हीसाठी धाडसाचं होतं असं माझं मत आहे.

तोवर रोम्युलन कमांडर टोमालाकचं वॉरबर्ड न्यूट्रल झोन ओलांडून समोर उभं राहिलेलं असतं. आपला माणूस मेला म्हणून तो हल्ल्याच्या तयारीत आहे. बीकनपाशी दोघं पोचल्याचं कळतं, पण ट्रान्सपोर्टर वापरायचा तर एंटरप्राइजला शील्ड खाली घ्यावी लागते. सिक्युरिटीच्या भाषेत सांगायचं तर, समोर हॅकर बसलाय आणि तुम्ही फायरवॉल बंद करताय. पिकार्ड शील्ड उतरवतो आणि दोघांना थेट ब्रिजवर आणतो. टोमालाक स्क्रीनवर बघत असतानाच बोक्रा त्याला सांगतो की या माणसाने माझा जीव वाचवला.

दोन्ही जहाजं मागे फिरतात. टोमालाक याच सीझनमध्ये, तीन एपिसोड पुढे, ‘द डिफेक्टर’मध्ये परत येतो आणि तेव्हा तो पिकार्डला सापळ्यात पकडायला आलेला असतो. बोक्रा मालिकेत पुन्हा दिसत नाही.