नावांना भिंत मिळाली, त्याची गोष्ट

एका वाड्यात दोन बाळू असले तरी अडत नाही. आपापल्या घरातून आईने हाक मारली, की ज्याचा तो येतो. मध्ये भिंत आहे म्हणून एकच नाव दोघांना पुरते. संगणकाच्या भाषेतही असेच असते. आकडा किंवा मजकूर लक्षात ठेवायला त्याला नाव द्यायचे. हा झाला ‘चल’. ते नाव जिथवर ओळखले जाते, ती त्याची व्याप्ती. मी शब्दांत रमणारा कवी, म्हणून मला या नावांच्या इतिहासाचे कुतूहल.

ही भिंत ‘अल्गोल ६०’ या भाषेत १९६० सालीच होती. एका गटात जाहीर केलेले नाव त्या गटाबाहेर दिसत नसे.

पुढे मे १९९५ मध्ये नेटस्केप कंपनीत ब्रेंडन आइक यांनी दहा दिवसांत एका छोट्या भाषेचा पहिला नमुना रचला. तीच जावास्क्रिप्ट. वेबपानावर भरलेला अर्ज तपासावा, अशी किरकोळ कामे तिने करायची होती. तिच्यात महिरपी कंस होते, पण ‘व्हार’ लिहून जाहीर केलेले नाव कंसात थांबत नसे. भिंत एकच, फंक्शनची. आणि ‘व्हार’ लिहायचे राहिले, तर नाव थेट चव्हाट्यावर! एका पानावर दोघांनी लिहिलेल्या प्रोग्रॅममध्ये ‘टोटल’ हे नाव असे उघड्यावर आले, की एकाची किंमत दुसरा पुसून टाकी. ना तक्रार, ना इशारा. उत्तर तेवढे चुकायचे.

लोकांनी वाट काढली. सगळा प्रोग्रॅम एका फंक्शनमध्ये गुंडाळायचा. ही उसनी भिंत. २००९ मध्ये ‘नोड’ आले. त्यात प्रत्येक फाइल म्हणजे एक मॉड्यूल, स्वतंत्र घर. बाहेर द्यायचे तेवढेच दाराशी ठेवायचे, हवे ते नाव घेऊन मागायचे. अखेर जून २०१५ च्या प्रमाण आवृत्तीत ही सोय खुद्द भाषेतच आली. ‘लेट’ने जाहीर केलेले नाव कंसात राहू लागले, ‘इम्पोर्ट’, ‘एक्स्पोर्ट’ने देवघेव ठरली. मॉड्यूलमध्ये जाहीर न करता नाव वापरले, तर आता चूक तिथेच कळते.

यात वीस वर्षे गेली. तरी ‘व्हार’ काढता आला नाही. काढला तर त्यावर उभी असलेली असंख्य जुनी पाने बंद पडतील.

भिंत म्हटली, की आपल्याला दुरावा आठवतो. इथे मात्र भिंत आणि तिला नेमके दार मिळाले, तेव्हाच अनोळखी माणसे एकमेकांचे काम निर्धास्त आपल्या घरात घेऊ लागली.