आठ भयं आणि एक हाक : लेण्यांच्या दारातला अवलोकितेश्वर

मागच्या व्याख्यानात आपण अजिंठ्याच्या पहिल्या लेण्यातला पद्मपाणी पाहिला. त्यानंतर काही श्रोत्यांनी एक प्रश्न विचारला, आणि तो टाळण्यासारखा नाही. बुद्धानं माणसाला स्वतःच्या पायावर उभं राहायला सांगितलं. डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनीही बुद्ध हा मोक्षदाता नसून मार्गदाता आहे, हे ठासून मांडलं. मग लेण्यांमध्ये ही करुणेची, संकटात धावून येणाऱ्या बोधिसत्त्वाची मूर्ती कशी आली? लोक तिच्यापुढे हात जोडून काय मागत होते? आजचं व्याख्यान या प्रश्नावरच आहे.

उत्तर शोधायला आपण एका शिल्पापुढे जाऊन उभे राहू. छत्रपती संभाजीनगरला बीबी का मकबऱ्याच्या मागच्या डोंगरात औरंगाबाद लेणी आहेत. त्यातलं सातवं लेणं साधारण सहाव्या शतकातलं. व्हरांड्यातून आत शिरायच्या दाराच्या डावीकडे भिंतीवर अवलोकितेश्वराची भव्य उभी मूर्ती आहे. दोन्ही बाजूंना चार-चार, असे एकूण आठ छोटे प्रसंग कोरलेले आहेत. बरेच पर्यटक मोठ्या मूर्तीचा फोटो काढतात आणि आत जातात. पण खरी गोष्ट त्या छोट्या प्रसंगांत आहे.

काय आहेत हे प्रसंग? आग लागली आहे. तलवार उगारलेला शत्रू अंगावर येतो आहे. कोणी बेड्यांत अडकलं आहे. जहाज बुडतं आहे. सिंह झेपावतो आहे. साप आहेत. पिसाळलेला हत्ती आहे. आणि आठव्यात मूल घेतलेली आई आहे, तिच्यावर राक्षसी चालून येते आहे. हा मृत्यूचा प्रसंग मानतात. यांना म्हणतात अष्टमहाभय. प्रत्येक ठिकाणी माणसं हात जोडून बोधिसत्त्वाला साद घालताहेत.

आता जरा यादी नीट बघा. यात काय नाही? पुनर्जन्माचं भय नाही, नरकाचं नाही. निर्वाण मिळेल की नाही, ही चिंताही नाही. आहेत ती वाटेवरची भयं. जंगलातून, घाटातून, समुद्रातून जाणाऱ्या माणसाची. ही यादी मठात बसून ध्यान करणाऱ्या भिक्षूपेक्षा बैलांवर माल लादून निघालेल्या व्यापाऱ्याची जास्त वाटते.

याला ग्रंथाचा आधार आहे. सद्धर्मपुंडरीक सूत्रात अवलोकितेश्वरावर एक स्वतंत्र प्रकरण आहे. संस्कृत प्रतीत ते चोविसावं. कुमारजीवानं इसवी सन 406 मध्ये या सूत्राचं चिनी भाषांतर केलं. त्याच्या आज प्रचलित असलेल्या प्रतीत ते पंचविसावं. आग, पूर, वादळ, शस्त्र, बेड्या, दरोडेखोर, अशा संकटांत ज्यानं या बोधिसत्त्वाचं नाव घेतलं तो सुटेल, असं हे प्रकरण सांगतं. त्यात सार्थवाह, म्हणजे व्यापारी तांड्याचा प्रमुख, मौल्यवान माल घेऊन चोरांच्या मुलखातून चालल्याचं उदाहरणसुद्धा आहे. मात्र शिल्पकारानं ग्रंथ जसाच्या तसा उतरवलेला नाही. ग्रंथात हिंस्र पशूंचा मोघम उल्लेख येतो. इथल्या दगडात सिंह वेगळा, हत्ती वेगळा. म्हणजे यादी आपल्याकडच्या वाटांना जुळवून घेतलेली दिसते.

या प्रकरणातल्या दोन गोष्टी मला फार महत्त्वाच्या वाटतात. पहिली बेड्यांची. बांधलेला माणूस अपराधी असो की निरपराध, नाव घेतलं की त्याच्या बेड्या तुटतात, असं तिथं स्पष्ट म्हटलं आहे. म्हणजे करुणा आधी चौकशी करत नाही. दुसरी जहाजाची. वादळात सापडलेल्या जहाजावरच्या एकानं जरी नाव घेतलं, तरी सगळेच्या सगळे वाचतात. एकाच्या हाकेनं सर्वांची सुटका.

हे नुसतं पुस्तकातलं होतं का? नाही. फाहियान हा चिनी भिक्षू 399 मध्ये निघाला आणि भारत, श्रीलंका करून 414 च्या सुमारास परतला. मथुरेकडच्या वर्णनात तो नोंदवतो की महायानाचे अनुयायी प्रज्ञापारमिता, मंजुश्री आणि अवलोकितेश्वर यांची पूजा करतात. श्रीलंकेहून परतताना तो दोनशेहून अधिक माणसांच्या मोठ्या व्यापारी जहाजावर होता. वादळ झालं, जहाजात पाणी शिरलं, व्यापारी माल समुद्रात फेकू लागले. फाहियाननं आपली पाण्याची भांडी फेकली. पण भारतातून जमवलेले ग्रंथ आणि मूर्तीही हे लोक फेकतील, अशी त्याला धास्ती वाटली, आणि त्यानं अवलोकितेश्वराचा धावा केला. तेरा दिवसांनी जहाज एका बेटाला लागलं, गळती बुजवली, आणि ते पुढं निघालं.

पुढं त्यानं जहाज बदललं आणि पुन्हा वादळ आलं. या वेळी जहाजावरचे ब्राह्मण आपसांत म्हणू लागले की हा श्रमण बरोबर आहे म्हणून आपल्यावर ही वेळ आली. एका माणसापायी सगळ्यांनी का मरायचं, याला एखाद्या बेटावर उतरवून द्या. एक प्रवासी त्याच्या बाजूनं ठाम उभा राहिला म्हणून तो वाचला. मघाचं सूत्र आठवा. एकाच्या हाकेनं सर्व वाचतात, असं सूत्र म्हणतं. आणि घाबरलेली माणसं काय म्हणतात? एकाला टाकलं की सर्व वाचतील. करुणेची शिकवण नेमकी कोणत्या वृत्तीशी झगडत होती, हे या एका प्रसंगातून कळतं.

आता मूर्तीकडे परत येऊ. तिची खूण कशी पटवायची? डोक्यावर जटामुकुट, आणि त्यात ध्यानस्थ बसलेल्या अमिताभ बुद्धाची छोटी आकृती. डाव्या हातात लांब देठाचं कमळ. उजवा हात बहुधा अभयमुद्रेत, म्हणजे 'भिऊ नकोस' असं सांगणारा. कधी जपमाळ, कधी खांद्यावर मृगाजिन. आता यातलं शस्त्र दाखवा. नाही. समोर तलवार आहे, सिंह आहे, हत्ती आहे, आणि हा मात्र कमळ घेऊन उभा. तो कोणाला मारत नाही. आपल्या पुराणातले देव असुराचा वध करतात आणि भक्ताला सोडवतात. इथं वध नाही, फक्त भय दूर होणं आहे. शिवाय स्वतः बोधिसत्त्व असूनही त्यानं बुद्धाला डोक्यावर धारण केलं आहे. तो सृष्टीचा कर्ता नाही, बुद्धाच्या मार्गावरचा आहे.

नावातही हेच आहे. अवलोकितेश्वर म्हणजे खाली पाहणारा ईश्वर, असा अर्थ आपण सहसा करतो. पण मध्य आशियात सापडलेल्या जुन्या हस्तलिखितांत 'अवलोकितस्वर' असं रूप मिळतं. स्वर म्हणजे आवाज. चिनी भाषेतलं गुआनयिन हे नावही आवाजाकडे लक्ष देणारा, याच अर्थाचं. आपण मराठीत म्हणतो ना, हाकेला धावणारा? तसं.

हे शिल्प एकट्या औरंगाबादला नाही. अजिंठ्याचं चौथं लेणं हा तिथला सर्वांत मोठा विहार; तिथंही अष्टमहाभयाचं शिल्प आहे. मुंबईत बोरिवलीच्या जंगलात कान्हेरीच्या नव्वदाव्या लेण्यात ते आहे, बाजूला स्त्री-देवतांसह. कान्हेरीच्याच एक्केचाळिसाव्या लेण्यात अकरा मस्तकांचा अवलोकितेश्वर आहे. चहूकडे पाहायचं, कोणाचं दुःख नजरेतून सुटू द्यायचं नाही, हा त्या मस्तकांचा अर्थ.

कान्हेरीच का, तर नकाशा बघा. जवळ सोपारा, जवळ कल्याण. दोन्ही प्राचीन बंदरं. कान्हेरीच्या सातवाहनकाळातल्या दानलेखांत या गावांचे व्यापारी भेटतात. तेव्हा तिथं बोधिसत्त्वाच्या मूर्ती नव्हत्या, पण दान देणारा समाज हाच होता. पुढं काही शतकांनी त्याच डोंगरात बुडत्या जहाजातल्या माणसांना वाचवणारा बोधिसत्त्व कोरला गेला. हा योगायोग मला वाटत नाही. आणि गंमत म्हणजे याच नव्वदाव्या लेण्यात 1009 आणि 1021 या वर्षांचे पहलवी लिपीतले लेख आहेत, भेट देऊन गेलेल्या पारशी मंडळींनी आपली नावं कोरलेले. म्हणजे अकराव्या शतकातही लोक ही जागा बघायला डोंगर चढून येत होते.

पुढं पूर्व भारतात आणि तिबेटात आठ भयांतून सोडवण्याचं काम तारा या देवीकडेही आलं. तारा म्हणजे तारून नेणारी. तिच्यावर आपण पुढच्या वेळी बोलू.

आता सुरुवातीच्या प्रश्नाकडे. हे बुद्धाच्या शिकवणीपासून दूर जाणं होतं का? संकटात नाव घेतलं की सुटका, हा विचार 'स्वतःच स्वतःचा आधार हो' या शिकवणीपेक्षा वेगळा आहे, हे मान्य करायला हवं. त्यावर पांघरूण घालायचं कारण नाही. पण सातव्या लेण्याची रचना बघा. आत गाभाऱ्यात कोण आहे? उपदेश करणारा बुद्ध. बोधिसत्त्व आहे दारापाशी. मार्ग सांगणारा आत, आणि वाटेवरच्या माणसाची हाक ऐकणारा बाहेर. त्या काळच्या लोकांनी एकाला काढून दुसऱ्याला बसवलं नाही. ज्याला उद्या पहाटे तांडा घेऊन निघायचं आहे, ज्याचं मूल तापानं फणफणलं आहे, त्याला गाभाऱ्यातला उपदेश पेलायच्या आधी कोणीतरी 'भिऊ नकोस' म्हणणं गरजेचं होतं. लेणं खोदणाऱ्यांनी ते ओळखलं.

तेव्हा पुढच्या वेळी तिथं गेलात, तर मोठ्या मूर्तीआधी ते आठ छोटे चौकोन वाचा. राजांच्या प्रशस्त्या आपल्याला कितीतरी मिळतात. सामान्य माणूस कशाला भीत होता, हे सांगणारा कागद मात्र क्वचित मिळतो. इथं तो दगडात आहे.