वाहन धुलाई केंद्रांच्या बांधकाम नियमांची ऐतिहासिक वाटचाल : लोहारा परिसराच्या संदर्भात

तालुक्याच्या गावी ‘वॉशिंग सेंटर’ या नावाने ओळखल्या जाणाऱ्या व्यवसायास लागू होणाऱ्या बांधकामविषयक नियमांचा प्रस्तुत लेखात विचार केला आहे. विषय वरकरणी किरकोळ वाटतो. तथापि लोहारा परिसरात त्याचा संबंध भूकंप व दुष्काळ या दोन्ही आपत्तींशी येतो.

30 सप्टेंबर 1993 च्या पहाटे झालेल्या किल्लारी भूकंपात सास्तूर उद्ध्वस्त झाले. हे गाव तेव्हा उमरगा तालुक्यात होते, आज लोहारा तालुक्यात आहे. भारतीय मानक 1893 च्या 1984 च्या आवृत्तीत हा प्रदेश सर्वांत कमी धोक्याच्या पहिल्या विभागात होता. 2002 च्या आवृत्तीत तो विभागच रद्द झाला आणि किल्लारी परिसर तिसऱ्या विभागात गेला. दगडमातीची घरे कोसळल्यानंतर नकाशा बदलण्यास नऊ वर्षे लागली, हे येथे नोंदविले पाहिजे.

पाण्याची कथा याहून संथ आहे. 1993 मध्येच राज्याने पेयजलासाठी भूजल कायदा केला. त्यानुसार सार्वजनिक पेयजल स्रोतापासून 500 मीटरच्या आत परवानगीशिवाय विहीर वा बोअर घेण्यास मनाई होती. जलप्रदूषणाविषयी राज्याचा कायदा 1969 चा. केंद्राचा 1974 चा कायदा महाराष्ट्राने 1981 मध्ये स्वीकारला. पाणी उपसणे व सांडपाणी सोडणे यांवर अशा रीतीने बंधने आली. परंतु धुलाईच्या जागेची रचना कशी असावी, हा या कायद्यांचा विषय नव्हता.

एप्रिल 2016 मध्ये शेजारच्या लातूरला मिरजेहून रेल्वेने पाणी आणावे लागले. त्यानंतर चार वर्षांनी, डिसेंबर 2020 मध्ये, एकत्रिकृत विकास नियंत्रण व प्रोत्साहन नियमावली मंजूर झाली. नगरपंचायतीही तिच्या कक्षेत आल्या. वाहन सर्व्हिसिंग गॅरेजमध्ये गाड्या धुतलेले पाणी शुद्ध करून त्याच कामासाठी पुन्हा वापरावे, असे तिने सांगितले. याचा प्रत्यक्ष अर्थ गाळ बसण्याची टाकी, तेल व ग्रीस वेगळे करणारा कप्पा, गाळणी आणि साठवण असा होतो. आराखड्यात या सर्वांस जागा ठेवावी लागते, आणि लहान व्यावसायिकाची खरी अडचण तेथेच आहे.

प्रस्तुत लेखकाच्या मते एक उणीव मात्र उरते. तरतुदीचा रोख गॅरेजवर आहे. रस्त्यालगत एक रॅम्प, पत्र्याचे शेड व बोअर एवढ्यावर चालणारे, केवळ गाड्या धुणारे केंद्र ‘गॅरेज’ मानावे काय, याचा निर्णय परवाना देणाऱ्याच्या वाचनावर राहतो.