सुई, कात्री आणि पाटी



ईद जवळ आली की आपल्या घराघरांतून जुन्या कपड्यांचे गाठोडे सुटते. अम्मीच्या विटलेल्या साडीचा धडका भाग काढून धाकटीचा फ्रॉक बेतला जातो. अब्बांच्या कारखान्यातील खाकी पँटमधून मुलाची शाळेची चड्डी निघते. उरलेल्या चिंध्या गोधडीत जातात. इतिहासाच्या पुस्तकात लढाया आणि तह असतात, हे काम तेथे सापडत नाही. तरीही त्याला मोठा इतिहास आहे, तो थोडक्यात पाहू या.

प्रथम शब्दच घ्या. सुई आणि दोरा हे शब्द संस्कृतातून आले. अस्तर, मगजी, रफू, गज, पायजमा, खिसा हे फारसी-अरबीतून आले. बटणाचे काज पोर्तुगीजांकडून आले. आपल्या अंगावरच्या एका सदऱ्याला इतक्या भाषांचे टाके आहेत!

ठिगळाची लाज वाटू देऊ नका. पैगंबर हजरत मुहम्मद (स.) आपले कपडे स्वतः शिवीत व पादत्राणे स्वतः दुरुस्त करीत, असे हजरत आयेशा (र.) यांनी सांगितल्याचे हदीसमध्ये आहे. आपला हा पिंपरी-चिंचवडचा परिसर आळंदी आणि देहू यांच्या कुशीत आहे. इ. स. 1296 मध्ये आळंदीस झालेल्या ज्ञानेश्वरांच्या समाधीचे अभंग ज्यांच्या नावावर आहेत, ते संत नामदेव शिंपी कुळातलेच.

शतकानुशतके सर्व शिवण हातानेच होई. 1830 मध्ये तिमोनिए या फ्रेंच शिंप्याने शिवणयंत्राचे पेटंट मिळवले. पण पोट जाईल या भीतीने पॅरिसच्या शिंप्यांनी त्याची यंत्रे फोडली. पुढे अमेरिकेत एलियास हौ याने 1846 मध्ये व आयझॅक सिंगर याने 1851 मध्ये पेटंटे घेतली. सिंगर कंपनीने 1856 पासून हप्त्याने विक्री सुरू केली आणि यंत्र सामान्यांच्या घरात शिरले. यंत्रांविषयी साशंक असलेल्या गांधीजींनीही 1924 मध्ये सिंगरच्या यंत्राला अपवाद मानले. पुढे कलकत्त्याच्या जय इंजिनिअरिंग वर्क्सने 'उषा' मशीन काढले, आणि देशी मशीनही घरोघर दिसू लागले.

जुन्याचे नवे करण्याचे महत्त्व महायुद्धाने जगाला शिकवले. ब्रिटनमध्ये 1941 ते 1949 कपड्यांचे रेशनिंग होते. आहे ते कसे दुरुस्त करावे याच्या पुस्तिका तेथील सरकारने 1943 मध्ये वाटल्या. त्याच वर्षी आपल्याकडेही कापडावर नियंत्रण आले. झिजलेली कॉलर उसवून उलटी शिवणे, फ्रॉकच्या खाली रुंद दुमड ठेवून दरवर्षी ती सोडणे, या युक्त्या आपल्या आजीला मात्र पुस्तिकेशिवाय ठाऊक होत्या.

1954 मध्ये पिंपरीस हिंदुस्थान अँटिबायोटिक्स उभी राहिली, 1962 मध्ये औद्योगिक विकास महामंडळ स्थापन झाले, आणि गावोगावची कुटुंबे येथे आली. 1970 ची नगरपालिका 1982 मध्ये महानगरपालिका झाली. पुढे चाकणही कारखान्यांनी भरले. एका पगारात खोलीचे भाडे, किराणा आणि मुलांची फी भागवताना घरच्या मशीनने किती संसार सावरले, याची नोंद कोणत्याही दप्तरात नाही.

आता मनातले सांगतो. माझ्या वर्गात एक हुशार मुलगी होती. सातवीनंतर ती शाळेत दिसेना, म्हणून घरी गेलो. वडील अभिमानाने म्हणाले, "सर, तिला मशीन घेऊन दिलंय. आता शाळा कशाला?" मुलगी मशीनमागे मान खाली घालून बसली होती. मला उत्तर सुचले नाही. ते आज देतो.

पुण्यात रमाबाई रानडे यांच्या नेतृत्वाखाली 1909 मध्ये सेवासदन सुरू झाले. तेथे स्त्रिया लिहिणे-वाचणे आणि शिवणकाम दोन्ही शिकल्या. बेगम रुकैया सखावत हुसेन यांनी 1911 मध्ये कलकत्त्यात मुस्लिम मुलींसाठी शाळा काढली; तेथेही भाषांच्या जोडीला शिवण होते. या दोघींनी सुई आणि पाटी एकाच हाती दिली. शिवण येणाऱ्या मुलीला छातीचा चौथा भाग काढताना अपूर्णांक समजतात, बाही कापताना भूमिती समजते. शाळा पुरी केली तर तिला आय.टी.आय.चे शिवणकाम आणि त्यापुढची दारेही खुली होतात.

पालकहो, मशीन जरूर घ्या. मुलांनाही बटण लावायला शिकवा. पण मशीन आले म्हणून मुलीचे दप्तर खुंटीला टांगू नका. त्या मशीनवर शिवलेला पहिला कपडा तिचा शाळेचा गणवेश असू द्या.