जो भट्टीसमोर उभा, तो समितीत का नाही?

आपल्याकडे कामगार चळवळीचा इतिहास लिहिणाऱ्यांनी पगाराचा, बोनसचा आणि संपांचा हिशेब बऱ्यापैकी ठेवला आहे. कामगाराच्या शरीराचा हिशेब मात्र फारसा कोणी ठेवलेला दिसत नाही. कोणाची बोटे कोणत्या यंत्रात गेली, कोणाच्या छातीत कापसाची धूळ बसली, आणि मुख्य म्हणजे ते काम त्याच पद्धतीने करायचे हे ठरविताना त्याला कोणी विचारले होते काय, हा प्रश्न आमच्या इतिहासग्रंथांत तळटीपेपुरताही येत नाही. इतिहास लिहिणाऱ्यांची बोटे सहसा शाबूत होती, हे त्याचे एक कारण असावे.

मी जालन्यात इतिहास शिकवितो. वर्गातली काही मुले रात्रपाळी करून थेट तासाला येऊन बसतात. गेल्या वर्षी नारायण मेघाजी लोखंडे ह्यांच्यावरचा पाठ चालू असताना अशाच एका मुलाने मला अडविले. "सर, फॅक्टरी कमिशननं त्या काळी लोखंड्यांना बोलावलं. आमच्या भट्टीवर कुणाला विचारतात?" मला तेव्हा उत्तर देता आले नाही. हा लेख त्या उत्तराच्या शोधातला आहे.

बाहेरच्या वाचकांसाठी थोडे सांगितले पाहिजे. 'जालना, सोने का पालना' ही म्हण इथल्या बाजारपेठेवरून पडली. आज ह्या गावाची ओळख दोन गोष्टींनी होते: बियाणे आणि सळई. देशभरातून आणि परदेशातून लोखंडी भंगार इथे येते, भट्टीत वितळते, त्याचे ठोकळे ओततात आणि रोलिंग मिलमध्ये त्यांची सळई होते. ह्या साखळीतला सर्वांत धोक्याचा दुवा भट्टीच्या आधी, भंगाराच्या ढिगात असतो. ढिगात एखादे बंद तोंडाचे नळकांडे, गॅसची टाकी किंवा पाणी साचलेला पत्रा राहिला आणि तो तसाच वितळलेल्या लोखंडात पडला, की आतल्या पाण्याची क्षणात वाफ होते आणि तप्त रस उसळून बाहेर येतो. ऑगस्ट २०२४ मध्ये इथल्या औद्योगिक वसाहतीत एका पोलाद कारखान्यात भट्टीचा स्फोट होऊन वीसहून अधिक कामगार जखमी झाले.

माझे वडील काही वर्षे भंगार निवडण्याच्या कामावर होते. कारखान्याचे नाव सांगण्याचे कारण नाही. लोखंडी गजाने ठोकून, आवाजावरून, टाकी बंद आहे की फुटकी, हे ते ओळखीत. हे त्यांना कोणी शिकविले नव्हते. एकदा त्यांनी एक टाकी बाजूला काढून ठेवली. मुकादमाने ती पुन्हा ढिगात टाकायला लावली आणि वर म्हणाला, "तुला कुणी विचारलं?" त्या दिवशी काही झाले नाही. पण मुकादमाचे ते वाक्य वडील पुढे आयुष्यभर घरात सांगत राहिले. कामगाराच्या सुरक्षेचा सगळा कायदा वाचून झाल्यावर मला असे वाटते, की प्रश्न त्या तीन शब्दांएवढाच आहे.

हिंदुस्थानातला पहिला कारखाना कायदा १८८१ चा. शंभर किंवा अधिक कामगारांच्या कारखान्यांना तो लागू होता. यंत्राला कुंपण घालावे, अपघाताची वर्दी द्यावी, असे त्यात होते. यंत्रापाशी उभ्या असलेल्या माणसाचे मत त्यात कोठेच नव्हते. ते मत पहिल्यांदा कागदावर आले ते सप्टेंबर १८८४ मध्ये. सत्यशोधक लोखंड्यांनी मुंबईत गिरणीकामगारांच्या सभा घेतल्या आणि सुमारे साडेपाच हजार सह्यांचा अर्ज तयार केला. त्यातली रविवारच्या सुट्टीची मागणी सर्वांना पाठ आहे. परीक्षेतही तीच विचारतात. पण त्याच अर्जात आणखी एक मागणी होती: काम करताना जो जखमी होईल त्याला बरा होईपर्यंत पूर्ण पगार मिळावा, आणि जो कायमचा अपंग होईल त्याच्या उपजीविकेची तजवीज व्हावी. नुकसानभरपाईचा कायदा आला १९२३ साली, म्हणजे ह्या अर्जानंतर ३९ वर्षांनी. १८९० मध्ये सरकारने कमिशनच्या कामात लोखंड्यांना सामावून घेतले. त्याच वर्षीच्या एप्रिलमधील दहा हजारांच्या सभेत दोन स्त्री-कामगार बोलल्या होत्या, हेही विसरता कामा नये.

तरीसुद्धा १८८४ ची मागणी अपघात झाल्यानंतरची होती. अपघात होऊ नये म्हणून कामाची रीत बदला, असे सांगण्याचा अधिकार तिच्यात नव्हता. तेवढी जागाच तेव्हा कोणी दिली नव्हती.

आता विणखात्याकडे येऊ. हा प्रसंग आपल्या वाचकांना ठाऊक आहे, पण मला तो वेगळ्या बाजूने दाखवायचा आहे. मुंबईच्या गिरण्यांत अस्पृश्य कामगारांना अधिक मजुरीच्या विणखात्यात प्रवेश नव्हता. त्यांना कमी पगाराच्या कताईखात्यात ठेवीत. कारण असे सांगत, की धोट्यातल्या कांडीचा धागा तोंडाने ओढून घ्यावा लागतो, आणि अस्पृश्याच्या थुंकीने तो विटाळतो. १९२८ च्या संपात बाबासाहेबांनी पुढाऱ्यांना बजावले, की सर्व खात्यांत काम करण्याचा आमच्या माणसांचा हक्क मान्य करा, नाहीतर त्यांनी संपात का यावे? पुढाऱ्यांनी ती मागणी नाखुशीने आपल्या मागण्यांत घेतली. मालकांनी हसून सांगितले, की हा अन्याय असेल तर तो आम्ही केलेला नाही.

मालकांचे म्हणणे अर्धे खरे होते, आणि म्हणूनच ते अधिक लबाडीचे होते. तोंडाने धागा ओढण्याची रीत मुळातच घातक. त्याबरोबर कापसाची धूळ आणि तेल फुप्फुसांत जाते, आणि एकाच धोट्याला अनेकांची तोंडे लागल्याने रोग पसरण्याची भीती असते. अमेरिकेतील मॅसॅच्युसेट्स राज्याने १९११ सालीच असल्या धोट्यांना बंदी केली होती. हाताने धागा ओवता येईल असे धोटे जगात होते. म्हणजे मुंबईत १९२८ साली दोन्ही बाजूंच्या माणसांनी विचारायचा प्रश्न असा होता: हा धोटा तोंडाला लावायचाच कशाला? सवर्ण विणकराने तो विचारला नाही, कारण त्याचे सारे लक्ष थुंकीच्या जातीकडे होते. छाती त्याचीच जळत होती. जातिव्यवस्था दलिताला कामाबाहेर ठेवते एवढेच नव्हे, तर जो आत आहे त्याची अक्कलही ती गहाण ठेवते, ह्याचा याहून स्वच्छ पुरावा मला मिळालेला नाही. आमच्या बाजूनेही मागणी प्रवेशाची झाली, धोटा बदलण्याची नव्हे. पण ज्याला दारातच अडविले आहे त्याने आतल्या हवेची तक्रार आधी करावी, ही अपेक्षा अन्यायाची होईल.

जुलै १९४२ ते जून १९४६ ह्या काळात बाबासाहेब व्हाइसरॉयच्या कार्यकारी मंडळात मजूरमंत्री होते. ऑगस्ट १९४२ मध्ये दिल्लीत सरकार, मालक आणि कामगार ह्यांची त्रिपक्षीय परिषद त्यांच्या अध्यक्षतेखाली भरली. कामगाराचा प्रतिनिधी मालकाच्या शेजारी बरोबरीने बसतो, ही गोष्ट आज किरकोळ वाटेल. ज्या माणसाला शाळेत गोणपाटावर वेगळे बसविले होते त्याने ही बसण्याची व्यवस्था केली, हे लक्षात घेतले म्हणजे ती किरकोळ वाटत नाही. १९४३ मध्ये कामगार संघटनांना मालकांनी मान्यता दिलीच पाहिजे असे विधेयक त्यांनी मांडले. डिसेंबर १९४३ मध्ये ते धनबादच्या कोळसाखाणीत स्वतः उतरले. १९४४ मध्ये खाणकामगारांचा कल्याणनिधी सुरू झाला. पुढे १९४७ च्या कायद्याने त्याच्या सल्लागार समितीवर सरकार, मालक आणि कामगार ह्यांचे प्रतिनिधी समान संख्येने आले, आणि निदान एक सभासद स्त्री असावी असेही ठरले. ह्याच कारकिर्दीत, १९४३ साली, युद्धाच्या कोळशासाठी स्त्रियांच्या भूमिगत कामावरची बंदी उठविली गेली व १९४६ मध्ये ती पुन्हा आली. उठविताना किंवा लावताना त्या बायांना कोणी विचारले नाही. आपण बाबासाहेबांचे अनुयायी आहोत म्हणून हे पान उलटून पुढे जाऊ नये.

त्यांच्यानंतर मजूर खाते जगजीवनराम ह्यांच्याकडे गेले आणि १९४८ चा कारखाना कायदा झाला. देशाच्या मजूर खात्यावर ओळीने दोन दलित मंत्री आले, आणि तरीही ह्या कायद्याच्या १११ व्या कलमात काय आहे ते पाहा: कामगाराने सुरक्षेच्या साधनांत ढवळाढवळ करू नये, स्वतःला वा दुसऱ्याला धोका होईल असे जाणूनबुजून काही करू नये. केले तर तीन महिन्यांपर्यंत कैद किंवा शंभर रुपयांपर्यंत दंड, किंवा दोन्ही. कामगाराला कर्तव्ये मिळाली. माहिती मागण्याचा हक्क देणारे कलम १११-अ मिळायला १९८७ साल उजाडले. दोन शेजारच्या कलमांमध्ये ३९ वर्षे आहेत आणि भोपाळ आहे.

भोपाळबद्दल एवढेच सांगतो, की तिथल्या कामगारांना कळले नव्हते असे नाही. डिसेंबर १९८१ मध्ये फॉस्जीन वायूने एक कामगार मेला. त्यानंतर संघटनेने शहरात भित्तिपत्रके लावून कामगारांच्या आणि नागरिकांच्या जिवाला धोका आहे असे जाहीर सांगितले. पत्रकार राजकुमार केसवानी ह्यांनी १९८२ मध्ये तेच लिहिले. कोणी ऐकले नाही. ऐकण्याचे बंधन कायद्याने कोणावरही नव्हते. २ डिसेंबर १९८४ च्या रात्रीनंतर, १९८७ च्या दुरुस्तीने ते आले. कलम ४१-ग: धोकादायक प्रक्रियेच्या कारखान्यात कामगार आणि व्यवस्थापन ह्यांच्या समान प्रतिनिधींची सुरक्षा समिती. कलम ४१-ह: धोका समोर दिसत असेल तर तो व्यवस्थापकाला आणि त्याच वेळी निरीक्षकाला कळविण्याचा कामगाराचा हक्क. कळविण्याचा, बरे का. काम थांबविण्याचा असे कलमात म्हटलेले नव्हते. आंतरराष्ट्रीय कामगार संघटनेच्या १९८१ च्या १५५ क्रमांकाच्या कराराने धोक्यापासून बाजूला होणाऱ्या कामगाराला संरक्षण दिले होते, तेवढे पुढे आपण गेलो नाही.

मग जालन्यात काय झाले? धोकादायक उद्योगांच्या परिशिष्टात लोहधातू उद्योगाचे नाव होते. आपली भट्टी त्यात बसते की नाही ह्यावर वाद घालायलासुद्धा कामगाराचा माणूस आत लागतो. आणि कामगार म्हणजे कोण? १९७६ च्या दुरुस्तीपासून कंत्राटदारामार्फत लावलेला माणूसही कायद्याने कामगारच होता, मूळ मालकाला ते माहीत असो वा नसो. कागदावर ह्याहून चांगले काय हवे! पण इथे भट्टीसमोर उभा राहणारा परप्रांतातून ठेकेदाराने आणलेला असतो, आणि भंगार निवडायला आमच्या वस्त्यांतल्या बाया असतात. समितीसाठी प्रतिनिधी निवडायचा तर आधी हजेरीपटावर नाव हवे, नाव टिकायला वर्षभराचे काम हवे, आणि सभेत बोलायला उद्याच्या कामाची हमी हवी.

२१ नोव्हेंबर २०२५ पासून नवी संहिता लागू झाली आणि १९४८ चा कायदा गेला. धोका कळविण्याचा हक्क तिच्यात राहिला आहे. सुरक्षा समिती मात्र सरकार आदेश काढील त्या आस्थापनांत. कारखाना कोणाला म्हणायचे ती संख्याही दहावरून वीसवर गेली, म्हणजे वीज वापरणाऱ्या छोट्या शेडमधला पंधरावा माणूस कारखान्याच्या बाहेर पडला.

त्या विद्यार्थ्याला मी सांगितले, की तुझ्या कारखान्यातल्या फलकावर समितीची यादी आहे का ते बघून ये. यादी होती, इंग्रजीत. कामगारांच्या बाजूच्या नावांपैकी एक हजेरी घेणारा कारकून निघाला, बाकीची त्याच्या ओळखीची नव्हती. भट्टीवरचे कोणी नव्हते, भंगाराकडचे तर नाहीच. त्यानंतर आम्ही दोघांनी बसून मराठीत एक अर्ज लिहिला. बंद टाक्या बाजूला काढण्यासाठी वेगळी जागा द्यावी, आणि निवडणाऱ्या बाईने बाजूला काढलेली टाकी कोणीही तिला विचारल्याशिवाय पुन्हा ढिगात टाकू नये, एवढ्याच दोन मागण्या. एक प्रत व्यवस्थापकाला, एक निरीक्षकाला. दोन बाया अंगठा द्यायला तयार आहेत. एक म्हणाली, दिवाळीनंतर बघू, ठेकेदाराकडे तिची उचल आहे. तो मुलगा स्वतः सही करणार म्हणतो. मी त्याला अंतिम परीक्षा होईपर्यंत थांब म्हणालो, आणि तसे म्हणताना मला मुकादमाचा आवाज आठवला. अर्ज सध्या माझ्या टेबलाच्या खणात आहे.