रिकाम्या गिरणीतला आवाज

आजचा विषय नेरमध्ये थोडा परका वाटेल, याची आम्हाला कल्पना आहे. पोस्ट-रॉक म्हणजे काय, हे आधी सांगून टाकतो. वाद्यं रॉकचीच. इलेक्ट्रिक गिटार, बेस, ड्रम. पण पुष्कळदा गायक नसतो, आणि असला तरी त्याच्या शब्दांवर फारसं काही अवलंबून नसतं. एकेक रचना दहा-पंधरा मिनिटांची. सुरुवात इतकी हळू की मागच्या रांगेतल्या माणसाला वाटावं अजून वाद्यं जुळवणंच चाललंय. मग एकावर एक थर चढत जातात, शेवटी छातीत धडधडावं इतका आवाज होतो, आणि मग शांतता. सायमन रेनॉल्ड्स या इंग्रज समीक्षकानं १९९४ साली हे नाव रूढ केलं. त्याचं म्हणणं असं की ही मंडळी रॉकची वाद्यं घेतात, पण रॉकच्या कामासाठी वापरत नाहीत.

आपल्याकडे हे ऐकवलं की कोणीतरी लगेच म्हणतं, ‘अहो, हा तर आपला आलापच!’ अर्धं खरं आहे. सावकाश चढत जाणं दोन्हीकडे आहे. पण ख्यालात रागाचं व्याकरण असतं आणि लय वाढत जाते. इथे मुख्यतः आवाजाचं आकारमान वाढतं. म्हणून ख्याल बैठकीत, विनामाइक रंगू शकतो. पोस्ट-रॉकला मात्र जागा लागते, आणि कशी लागते तिथे खरा इतिहास सुरू होतो.

बघा, उंच छपराच्या, उघड्या भिंतींच्या मोठ्या खोलीत आवाज घुमतो. तिथे भाषण केलं तर शब्द एकमेकांत मिसळून जातात. राष्ट्रसंत तुकडोजी महाराजांचं खंजिरी भजन आठवा. ते खुल्या मैदानात, शब्द न् शब्द लोकांच्या कानात जावा म्हणून होतं. खंजिरीचा ठोका कोरडा, तुटक. घुमणाऱ्या शेडमध्ये ते भजन बिघडेल. पण ज्या संगीतात शब्दच नाहीत आणि सूर लांबवायचेच आहेत, त्याला हे घुमणं फुकटात मिळालेलं वाद्य आहे. आता अशा खोल्या रिकाम्या कुठे सापडतात? जिथे कारखाने बंद पडलेत तिथे.

आइसलँडमध्ये द्यूपाविक नावाचं एक टोकाचं गाव आहे. १९३०च्या दशकात तिथे हेरिंग माशांचं तेल काढायचा मोठा कारखाना उभा राहिला. मासे येईनासे झाले, कारखाना बंद पडला, माणसं निघून गेली. २००६च्या उन्हाळ्यात सिगुर रोस हा जगभर नाव झालेला बँड मायदेशी फिरत होता. छोट्या गावांच्या समाजमंदिरांत, उघड्या माळावर, फुकट कार्यक्रम. द्यूपाविकच्या त्या पडक्या कारखान्यातही ते वाजवायला गेले, तेलाच्या रिकाम्या टाकीतसुद्धा. पुढच्या वर्षी त्या दौऱ्याची फिल्म निघाली, ‘हेइमा’. अर्थ, ‘घरी’. त्यात आम्हाला बँडपेक्षा श्रोते बघावेसे वाटतात. म्हातारी माणसं, लोकरी टोप्या घातलेली पोरं, सगळी आपापल्या गावात उभी.

आता आपल्याकडे या. मूर्तिजापूर-यवतमाळ ही छोटी रेल्वे १९०३ साली शेजारच्या दारव्ह्यावरून सुरू झाली, आपली ‘शकुंतला’. ती काही आपल्या आजोबांना फिरवायला टाकली नव्हती, कापूस उचलायला टाकली होती. जिनमध्ये सरकी निघायची, रुईच्या गाठी बांधायच्या आणि गाडी भरून पुढे. वऱ्हाडातला कापूस मुंबईच्या गिरण्यांत सूत होत होता. जानेवारी १९८२मध्ये दत्ता सामंतांच्या नेतृत्वाखाली संप झाला, सुमारे अडीच लाख कामगार बाहेर पडले, आणि त्यानंतर गिरण्या एकेक करत थंडावल्या. जमिनी राहिल्या, उंच शेड राहिले.

लोअर परळच्या मथुरादास मिलच्या आवारात २००७ साली ‘ब्लू फ्रॉग’ उघडलं. तिथे पोस्ट-रॉकच वाजायचं असं नाही, जॅझपासून सगळंच असायचं. पण सिनेमाच्या गाण्यांबाहेरचं, स्वतः रचलेलं संगीत नीट आवाजात ऐकवणारी जागा मुंबईला मिळाली. अहमदाबादेत २०१३ला सुरू झालेल्या ‘ॲज वी कीप सर्चिंग’सारख्या बँडना देशात श्रोता मिळाला तो अशा जागांमुळे. २०१६ला ब्लू फ्रॉगचं ते दार बंद झालं. आम्ही त्या जागेचं ऋण मानतो, आणि तरी एक गोष्ट खुपते. ज्या आवारात साचे चालवून माणसांचे कान गेले, तिथल्या एका संध्याकाळचा खर्च त्या माणसाला झेपणारा नव्हता. द्यूपाविक आणि लोअर परळ, दोन्हीकडे रिकामा कारखानाच. फरक आत कोण बसलं याचा.

त्याआधी रॉकला मुंबईत धोबीतलावाचं रंगभवन होतं. उघडं नाट्यगृह, १९७८ची पहिली जॅझ यात्रा तिथली, १९८६पासूनचा ‘इंडिपेंडन्स रॉक’ तिथला. शेजारी इस्पितळ, कॉलेज. ध्वनिप्रदूषणाचे नियम २००० साली आले, शंभर मीटरचं शांतता क्षेत्र ठरलं, रंगभवन मुकं झालं. त्याच नियमातल्या रात्री दहाच्या मर्यादेनं पुण्याच्या सवाई गंधर्व महोत्सवाच्या रात्रभर चालणाऱ्या मैफली संपवल्या. हे आवर्जून सांगतो, कारण गिटारवाले आणि तानपुरेवाले एकाच कलमाखाली आले, तरी एकमेकांच्या बाजूनं बोलले नाहीत. इस्पितळातल्या रोग्याला झोप हवी, हे कोण नाकारेल? पण बंद खोलीची सोय न करता मैदान बंद केलं की संगीत ज्यांना पैसे परवडतात त्यांच्याकडे जातं.

म्हणून नेरची गोष्ट. इथे अशी संध्याकाळ करायची तर काय लागेल? चार वादक, दोन चांगले स्पीकर, भरवशाची वीज किंवा जनरेटर. टिनाचं शेड असेल तर पावसाळा टाळा. टिनावर सर आली की ड्रमसुद्धा हरतो. बेस वाजला की सैल पत्रे खडखडतात, ते आधी आवळून घ्यावे लागतील. सातला सुरू, साडेनऊला बंद. कापसाच्या हंगामात जिन मोकळी मिळणार नाही, म्हणजे उन्हाळा. शेजारपाजारच्या घरांना आधी सांगायचं, आणि त्यांनाच पुढच्या रांगेत बसवायचं. तिकीट नको, डबा फिरवा.

असं शेड इथे कोणाच्या ताब्यात आहे, ते आमच्यापेक्षा तुम्हालाच ठाऊक. आता प्रश्न घेऊ या.