पेरलं एक, उगवलं भलतंच

ऑफिसातली माझी एक मैत्रीण दर उन्हाळ्यात तिच्या चर्चच्या गटाबरोबर ग्वाटेमालाला जाते. दहा दिवस. डोंगरातल्या एका खेड्यात शाळेच्या भिंती रंगवायच्या, मुलांना वह्या-पेन्सिली वाटायच्या, संध्याकाळी प्रार्थना. परवा तिनं मला विचारलं, "यंदा येतेस का? धर्माची अट नाही." मी "बघते" म्हटलं, आणि तेव्हापासून डोक्यात तेच घोळतंय.

कारण मी नगरची. (अहमदनगर, २०२४ पासून सरकारी कागदांवर अहिल्यानगर.) आमच्या गावातही अशीच माणसं चर्चतर्फे, समुद्र ओलांडून आली होती. फरक एवढाच की त्या गोष्टीतले 'बिचारे' आम्ही होतो!

त्यातल्याच एक सिंथिया फॅरार. न्यू हॅम्पशायरच्या शिक्षिका. मुंबईतल्या अमेरिकन मिशननं १८२४ मध्ये मुलींची पहिली शाळा काढली होती. शाळा वाढल्या, त्यांच्यावर देखरेख करायला बाईमाणूस हवं झालं. तेव्हा १८२७ साली, वयाच्या बत्तिशीत, फॅरारबाई शिडाच्या जहाजात बसून निघाल्या. लग्न न झालेल्या बाईला एकटीला एवढ्या लांब धाडणं हे त्यांच्या देशातही तेव्हा नवलाचंच होतं. तब्येत ढासळल्यामुळे १८३७ मध्ये त्यांना मायदेशी परतावं लागलं. तिथेच राहिल्या असत्या तर कुणी नाव ठेवलं नसतं. पण १८३९ मध्ये त्या परत आल्या, त्या थेट नगरला. १८६२ मध्ये गेल्या, त्याही नगरलाच.

आता बाई इथे निव्वळ अक्षरं शिकवायला आल्या नव्हत्या, हेही सरळ सांगायला हवं. आमचे देव खोटे आणि आमचे आत्मे बुडायला निघालेले, अशी त्यांना पाठवणाऱ्यांची खात्री होती. शाळा म्हणजे त्यांच्या लेखी घरात शिरायची वाट. लोकांनाही हे कळत होतंच. कुणी बाटल्याची बातमी आली, की पालक मुलांना शाळेतून काढून घेत. गंमत म्हणजे या शाळांतून शिकवायला बऱ्याचदा हिंदू पंतोजीच असत. तिकडे मायदेशी हिशेब लागायचा तो किती जणांनी धर्म स्वीकारला याचा. त्या हिशेबात वर्षानुवर्षांच्या मेहनतीपुढचा आकडा फारच लहान दिसे.

पण एके दिवशी पुण्याचा एक तरुण नगरला मित्राकडे आला आणि त्यानं फॅरारबाईंच्या मुलींच्या शाळा पाहिल्या. तो तरुण म्हणजे जोतिराव फुले. त्या शाळा पाहून आपल्याला आनंद झाला, हे त्यांनी स्वतःच पुढे १८५३ मध्ये 'ज्ञानोदय'ला सांगितलं. १८४८ मध्ये पुण्यात बुधवार पेठेत भिडे वाड्यात त्यांची मुलींची शाळा सुरू झाली. सावित्रीबाईंनीही शिक्षिकेचं प्रशिक्षण फॅरारबाईंकडे घेतलं असं चरित्रकार सांगतात.

जोतिराव ख्रिस्ती झाले नाहीत. पुण्यात स्कॉटिश मिशनच्या शाळेत शिकूनही नाहीत. त्यांनी नगरहून शाळा तेवढी उचलली आणि १८७३ मध्ये समाज काढला तो सत्यशोधक. बाईंना जे पीक हवं होतं ते आलंच नाही. आलं ते भलतंच, आणि दुसऱ्याच्या शेतात. त्याची राखण करताना शेणाचे गोळे झेलले ते सावित्रीबाईंनी.

माझी पणजी नगरमध्ये मिशनच्या शाळेत चौथीपर्यंत शिकली. घरून तिला ताकीद होती, "अक्षर घ्यायचं, बाकी तिथेच ठेवून यायचं." तिनं तेच केलं. म्हातारपणी पोथीही वाचायची आणि मिशनच्या बाईंनी शिकवलेली लोकरीची टोपीही विणायची. तिला यात काही विसंगत वाटलं नाही. मला मात्र लहानपणी वाटायचं, की आपण कुणाचे उपकार घेतले म्हणजे मान खाली घालायला हवी. आता वाटतं, घेणाऱ्यालाही निवड असते. देणाऱ्याच्या पिशवीतून काय उचलायचं ते घेणाराच ठरवतो. पण त्यासाठी देणारा तिथे पुरेसा टिकावा लागतो. दहा दिवसांत रंग वाळतो, शाळा उभी राहत नाही.

आणि हे लिहिताना माझाच पाय अडखळतो. फॅरारबाई तेवीस वर्षं नगरला राहिल्या. मी दहा दिवसांवर नाक मुरडते आणि स्वतः एक दिवसही कुठे गेलेली नाही! असो.

मैत्रिणीला अजून हो-नाही कळवलेलं नाही. आधी एक विचारायचंय. आपण निघून गेल्यावर, अकराव्या दिवशी, त्या रंगवलेल्या भिंतींच्या आत शिकवायला कोण उभं राहतं? तिला भेटता येणार असेल, तर मी येते म्हणणार आहे.